काय कापलं, ते सांगा

व्हिडिओ कापायला शिकल्यापासून मी व्हिडिओ वेगळ्या नजरेने पाहते. दोन वाक्यांच्या मध्ये बोलणाऱ्याचं डोकं किंचित सरकलं, मागच्या भिंतीवरची सावली एकदम लांबली, पंख्याची घरघर क्षणभर तुटून पुन्हा सुरू झाली, की मनात येतं: इथे काहीतरी होतं, ते काढलंय. कंटाळवाणं होतं म्हणून काढलं, की अडचणीचं होतं म्हणून? बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला डिजिटल साक्षरता आणि बहुमाध्यमी मांडणी असा एक पेपर होता. त्यात लेखी परीक्षा थोडी आणि प्रकल्प मोठा. तो प्रकल्प करताना माझं एक मत पक्कं झालं: डिजिटल माध्यमात स्वतः काही रचून पाहिल्याशिवाय दुसऱ्याने रचलेलं नीट वाचता येत नाही.

आपल्याकडे संगणक साक्षरता म्हटलं की अजूनही एमएस-सीआयटी आठवतं. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने या शतकाच्या सुरुवातीला आणलेल्या त्या अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो लोकांचा हात पहिल्यांदा माऊसवर ठेवला, आणि ते काम लहान नव्हतं. फाइल कशी साठवायची, पत्र कसं टंकायचं, तक्ता कसा भरायचा, हे त्या काळी खरोखर शिकावं लागत होतं. माझ्या धाकट्या चुलतभावाला यातलं काहीच कोणी शिकवलेलं नाही, तरी तो दिवसभर रील्स बनवतो. मग तो साक्षर झाला का? पॉल गिल्स्टर या अमेरिकी लेखकाने १९९७ साली ‘डिजिटल लिटरसी’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. प्रश्न कळ दाबण्याचा नाही, पडद्यावर आलेल्या मजकुराचा अर्थ लावण्याचा आणि तो पारखण्याचा आहे, असं त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी न्यू लंडन ग्रुप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दहा अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मांडली. शाळा फक्त अक्षरं शिकवते, पण माणसं अक्षर, चित्र, आवाज, हावभाव आणि जागेची रचना या सगळ्यांतून एकदम अर्थ लावतात. तेव्हा शिक्षणात या सगळ्यांना जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी यूट्यूब नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं आणि फोनला कॅमेराही नव्हता.

पडद्यावरचं हे वाचणं न आल्याची किंमत किती असते, ते महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २०१७-१८ च्या सुमारास एक क्लिप देशभर फिरत होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि भरधाव निघून जातात. सोबत मजकूर असायचा, मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. मूळ व्हिडिओ कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात होती. त्यात पुढे ते दोघं परत येतात, मुलाला सोडतात आणि शहरातून मूल पळवायला एक क्षणही पुरतो, अशा अर्थाचा फलक धरतात. फिरणाऱ्या क्लिपमध्ये हा शेवट नव्हता. व्हिडिओत खोटं काही जोडलेलं नव्हतं. खऱ्या व्हिडिओची शेवटची काही सेकंदं काढली होती, एवढंच.

अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो. पण क्लिप पाहताच ‘हिचा शेवट कुठे आहे?’ असं विचारणारा डोळा त्या मर्यादेने येत नाही. तो डोळा येण्यासाठी एकदा तरी स्वतः कात्री हातात धरावी लागते.

आमच्या गटाने प्रकल्पासाठी मिरजेचा तानपुरा निवडला. आमच्या सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर, आणि विषय आवाजाचा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी इथे आधी वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग वाद्यं घडवण्याकडे वळली. त्यांच्याच घरांना पुढे सतारमेकर हे नाव लागलं. सोलापूर जिल्ह्यातून येणारा मोठा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि पिढ्यांचा हात यांतून इथला तानपुरा तयार होतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी बातम्या केल्या. त्या आम्ही पाहिल्या. प्रत्येकीत रंधा मारणारे हात होते, खुंट्या पिळणारे हात होते आणि वरून कुठलंतरी सतारीचं तयार संगीत टाकलेलं होतं. समोर जे वाद्य घडत होतं त्याचा स्वतःचा आवाज फारसा कुठेच नव्हता. म्हणून आम्ही ठरवलं, जवारी ऐकवायची.

जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीचा माथा घासून तारेतून तो गुंजणारा, भरलेला नाद काढणं. घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. तार त्यावर टेकून पुढे सुटते, थरथरताना त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते, आणि त्यामुळे मूळ स्वरासोबत वरचे कितीतरी स्वरांश जागे होतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून तो चाटण्याचा बिंदू नेमका साधतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याचीच नोंद केली. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो, तो स्वरांश प्रचलित नियमाप्रमाणे उमटायला नको. तानपुऱ्यात आणि वीणेत तो उमटतो, आणि त्याचं कारण या घोडीत आहे, असं त्यांनी दाखवलं. नोबेल मिळवून देणारं काम त्यांनी त्यानंतर केलं.

ज्या कारागिरांकडे आम्ही जवारी पाहायला बसलो, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांचं काम ध्वनिमुद्रित करायला आमच्याकडे होते फोन. आणि फोनने तानपुरा गिळला! जवळ धरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात चाचांचं बोलणं स्वच्छ होतं, कानसीचा आवाज होता, पण त्यांनी तारा छेडल्या की पहिला एक क्षण नाद ऐकू यायचा आणि मग कोणीतरी दार लोटून घेतल्यासारखा मावळायचा. कारण शोधलं तेव्हा फोनबद्दल असं काही कळलं जे इतकी वर्षं तो वापरून कळलं नव्हतं. फोन माणसाचं बोलणं पकडण्यासाठी बनवलेला आहे. पंखा, एसी, गाडीचं इंजिन असा एकसारखा, न बदलणारा आवाज आला की त्यातली प्रणाली त्याला गोंगाट समजते आणि दाबते. बोलणं चढउताराचं असतं म्हणून ते राखते. तानपुऱ्याचा सगळा धर्मच एकसारखं, अखंड राहण्याचा. म्हणजे आमच्या खिशातल्या यंत्रात कोणता आवाज महत्त्वाचा आणि कोणता कचरा, याचा निर्णय आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेला होता. आणि हा निर्णय घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फोनवर बोलणारा माणूस होता, षड्जात बसलेलं वाद्य नव्हतं.

उपाय अवघड नाही. गोंगाट दाबण्याची आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करण्याची सोय बंद करता येईल असं ध्वनिमुद्रणाचं अ‍ॅप घ्यायचं आणि फाइल न दाबता, वेव्ह स्वरूपात साठवायची. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि कोणताही आवाज आकड्यांत उतरवायचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा त्याचं माप घ्यावं लागतं. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० आणि व्हिडिओसाठी ४८,००० मापं हा प्रघात पडला. ४८,००० मापांच्या, सोळा बिटांच्या एकेरी ध्वनिमुद्रणाला मिनिटाला पावणेसहा एमबी लागतात. मग माइकचं अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत मात्र भिंतींवरून परतणारा आवाज तेवढाच राहतो, म्हणून लांबून घेतलेलं बोलणं विहिरीतून आल्यासारखं लागतं. आणि कोणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज थोडा वेळ टिपून ठेवायचा. तो का, ते टाइमलाइनवर बसल्यावर कळतं: दोन तुकडे जोडताना मध्ये निखळ शांतता आली तर कान लगेच ठेचकाळतो, आणि खोलीचा आवाज खाली पसरला की जोड लपतो.

हा शेवटचा शब्द मला अजून टोचतो. जोड लपतो. चांगलं संकलन शिकणं म्हणजे जोड लपवायला शिकणं. बोलणाऱ्याचं वाक्य तोडलं की त्या जागी त्याच्या हातांचं दृश्य टाकायचं, पुढच्या प्रसंगाचा आवाज आधीच सुरू करायचा, म्हणजे पाहणाऱ्याला धक्का बसत नाही. हे सगळं शिकवलं जातं ते सौष्ठव म्हणून, आणि ते सौष्ठव आहेच. पण तेच कसब माणसाच्या तोंडी त्याने न म्हटलेलं वाक्यही घालू शकतं.

चाचा एकदा म्हणाले, “पोरं आता या धंद्यात येणार नाहीत, असं लोक म्हणतात. माझा पुतण्या बी.कॉम. करून आला. गेल्या वर्षापासून जवारीला बसतोय.” टाइमलाइनवर या बोलण्याची लाट दिसत होती. ‘असं लोक म्हणतात’च्या आधी एक छोटासा श्वास आहे. तिथे कात्री लावली, तर उरतं: “पोरं आता या धंद्यात येणार नाहीत.” चाचांचाच आवाज, चाचांचाच चेहरा, एकही शब्द बनावट नाही. आमच्या गटातल्या एकाने ते करून दाखवलं आणि आम्ही सगळे गप्प झालो, कारण ते इतकं चांगलं लागत होतं. अस्तंगत होत चाललेली कला, थकलेला कारागीर, रिकामी गल्ली: हा साचा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तयारच असतो, आणि ते कापलेलं वाक्य त्यात चपखल बसत होतं. जे खरं होतं, म्हणजे बी.कॉम. झालेला पुतण्या कानस घेऊन बसलाय, ते मात्र कुठल्याच साच्यात बसत नव्हतं. मला त्या दिवशी पटलं की फसवणूक बहुतेक वेळा दुष्टपणातून येत नाही. गोष्ट सुबक करण्याच्या ओढीतून येते, आणि ती ओढ प्रत्येक रचणाऱ्याला असते.

दृश्यांचंही तेच. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या सोविएत दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग चित्रपटाच्या प्रत्येक वर्गात सांगतात. नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीतल्या मुलाशेजारी, एकदा कोचावर टेकलेल्या स्त्रीशेजारी जोडला. आणि पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. आम्ही ते चाचांच्या खिडकीकडे पाहणाऱ्या चेहऱ्यावर करून पाहिलं. पुढे बंद दुकानाचं शटर जोडलं की ते उदास. पुढे उन्हात वाळत ठेवलेल्या भोपळ्यांची रांग जोडली की ते तृप्त. प्रत्यक्षात रस्त्यावरून गेलेल्या टेम्पोकडे ते पाहत होते. खाली सारंगीचा एक मंद तुकडा टाकला तर विचारूच नका. म्हणून आम्ही पार्श्वसंगीत पूर्ण काढून टाकलं. जो नाद त्या खोलीत नव्हता तो व्हिडिओत नाही, हा आमचा नियम. सगळ्यांनी हाच नियम पाळावा असं मी म्हणणार नाही. बातमी आणि माहितीपटाला मात्र तो लागू करावा, असं मला मनापासून वाटतं.

कापणं म्हणजे फसवणंच, असं मात्र कोणी समजू नये. काही गोष्टी कापल्यावाचून दिसतच नाहीत. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करत चित्रित केली होती आणि तो छोटा पट दाखवून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवली होती. रोप रोज वाढतं, पण वाढताना कोणाला दिसत नाही. काळ गाळला म्हणून ते पडद्यावर वाढताना दिसलं. जवारीचं काम असंच आहे. घासायचं, धागा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं, तासन्‌तास. समोर बसलेल्याला प्रत्येक वेळचा फरक कळत नाही, कारण आधीचा आवाज तोवर कानातून गेलेला असतो. आम्ही प्रत्येक घासणीनंतरचा एकेक छेड काढून शेजारीशेजारी लावला. बंद, कोरडा, लाकडी आवाज हळूहळू उघडत जातो आणि शेवटी तार बोलू लागते. संपूर्ण व्हिडिओत सर्वांत जास्त कापलेला भाग हाच, आणि माझ्या मते सर्वांत खरा भागही हाच. फरक एवढाच की इथे पडद्यावर लिहिलं आहे: मधला वेळ वगळला.

जवारीचा हा नाद फोनच्या स्पीकरवर ऐकू येईल का, ही शंका होती. पुरुषी तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा काळी एकमध्ये लावल्या तर सुमारे १३९ हर्ट्झवर बोलतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर; एवढा खालचा स्वर फोनच्या इवल्या स्पीकरला झेपत नाही. पण वरचे स्वरांश शाबूत असले की न वाजलेला मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. तानपुऱ्यात स्वरांशांची श्रीमंती असल्यामुळे खर्ज फोनवरही जाणवतो. ध्वनिमुद्रणातच ते स्वरांश दाबले गेले असते तर मेंदूला भरायला काही उरलं नसतं.

आता मजकुराकडे. मिरजेच्या वाद्यांबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं सापडतं, आणि त्यातलं पुष्कळसं एकमेकांची नक्कल असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि त्याच विद्यापीठातले पंचवीस विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. विद्वान इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले, त्याच्या दिसण्याला आणि नावाला भुलले. तपासनीस मात्र काही क्षणांतच ते पान सोडून गेले, नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहू लागले. त्यांचं उत्तर कमी वेळात आणि जास्त अचूक आलं. आम्हाला लहानपणापासून ‘नीट लक्ष देऊन वाच’ असं शिकवलेलं. इथे आधी बाजूला बघ, मग वाचायचं की नाही ते ठरव, असं शिकावं लागलं. मानांकनाच्या बातम्यांवर आम्ही हे लावलं. वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या शेजारी ठेवल्या तर परिच्छेदच्या परिच्छेद शब्दशः सारखे. म्हणजे दहा ठिकाणी छापून आलं तरी मूळ सांगणारा एकच. दहा साक्षीदार मोजायचे नाहीत, एकच मोजायचा. भौगोलिक मानांकनाची नोंदवही सार्वजनिक आहे, अर्ज कोणी केला आणि वस्तूचं वर्णन काय दिलं ते तिथे पाहता येतं. जिथे मूळ दस्तऐवज एवढ्या जवळ आहे तिथे बातमीवर थांबायचं कारण नाही.

जुन्या मिरजेचं चित्र हवं होतं. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले, इथल्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे दरवर्षी गाणं होतं. त्यांच्याशिवाय मिरजेच्या वाद्यांची गोष्ट सांगणं अवघड. त्यांचं छायाचित्र शोधताना प्रताधिकाराचा कायदा वाचावा लागला. १९५७ च्या आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं राहतो, मजकुराचा आणि छायाचित्राचा ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या ध्वनिमुद्रिकांची ही मुदत कधीच संपली. गूगलवर सापडलं म्हणून ते सर्वांचं, ही समजूत मात्र पक्की चुकीची आहे. हयात माणसांच्या कामासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत: नाव द्या आणि वापरा, नाव द्या आणि तुमचं कामही याच अटीवर खुलं ठेवा, धंद्यासाठी वापरू नका, बदलू नका. आम्ही जवारीचं सलग ध्वनिमुद्रण यातल्या दुसऱ्या परवान्याखाली खुलं केलं, चाचांना वाचून दाखवून आणि त्यांची सही घेऊन.

एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्याचं चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घ्यावं, अशी सूचना गटात आली होती. मी तिला ठाम विरोध केला. माहितीपटात पडद्यावर आलेलं जुनाट रंगाचं चित्र पाहणारा पुरावा म्हणूनच घेतो, खाली बारीक अक्षरात काहीही लिहिलं तरी. तिथे आम्ही काळ्या पडद्यावर नुसतं बोलणं ठेवलं.

मराठी उपशीर्षकं देणं सोपं वाटलं होतं. उपशीर्षकाची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: क्रमांक, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, ओळ. पण आमच्या संकलनाच्या अ‍ॅपमध्ये ‘मिरज’ची वेलांटी म च्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगळी व्हायची. संगणकात वेलांटी व्यंजनानंतरच साठवलेली असते. तिला आधी काढायचं, क आणि ष मधला हलन्त ओळखून एकच क्ष काढायचा, हे काम पडद्यावर अक्षर रेखाटणाऱ्या वेगळ्या प्रणालीचं. ती प्रणाली अ‍ॅपमध्ये नसेल तर देवनागरी विस्कटते आणि रोमन तशीच राहते. आधीच्या पिढीचा त्रास याहून मोठा होता. तेव्हाचे डीटीपीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवत. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सगळं लिखाण निरर्थक रोमन चिन्हांत दिसायचं. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिपींसाठी प्रमाण संकेतावली घडवायला मोठा हातभार लावला, १९९१ मध्ये ती प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमधल्या देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी तिच्याच पूर्वरूपावर उभी आहे. मी आज फोनवर मराठी टंकते आणि ते ऑस्ट्रेलियातल्या माझ्या मावशीला जसंच्या तसं दिसतं, यामागे एवढं काम आहे, हे शाळेत कोणीतरी सांगायला हवं होतं.

उपशीर्षकं आम्ही आधी ऐकू न येणाऱ्यांसाठी म्हणून घातली, आणि मग लक्षात आलं की बसमध्ये आवाज बंद करून पाहणारे सगळेच ती वाचतात. अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा, असा वेबच्या सुगम्यतेचा संकेत आहे. पांढऱ्या भिंतीवरची पिवळी अक्षरं त्यात नापास होतात. जवारीच्या भागाला उपशीर्षक काय द्यायचं, यावर आमचा बराच वेळ गेला. ‘संगीत’ असं लिहून मोकळं होता येतं. आम्ही लिहिलं: ‘तारेचा आवाज कोरडा’, ‘आवाज किंचित गुंजतो’, ‘नाद भरून राहतो’.

शब्द, चित्र, आवाज यांची वाटणी कशी करावी याचा सर्वांत चांगला धडा आम्हाला मिळाला तो जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पातून. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या या कामात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि पुढे बर्नार्ड बेल यांच्यासोबत त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या प्रकाशित करत आहे. एका पानावर गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, छायाचित्र, तिचा आवाज, ओवीचा मजकूर आणि भाषांतर. मजकुरात तिची बोली टिकते. आवाजात ओढून घेतलेला दम टिकतो, जो कागदावर उतरत नाही. छायाचित्रामुळे ती ‘एक ग्रामीण स्त्री’ न राहता अमुक गावची अमुक बाई होते. कोणतंही माध्यम दुसऱ्याचंच म्हणणं पुन्हा सांगत नाही. आमच्या पहिल्या कच्च्या आवृत्तीत निवेदक “आता चाचा तार लावत आहेत” असं म्हणायचा, तेव्हा पडद्यावर चाचा तार लावत असायचे. ते सगळं निवेदन आम्ही काढलं.

व्हिडिओसोबत आम्ही विभागात एक पान जोडून दिलं, वर शीर्षक: काय वगळलं. त्यात आहे: तानपुऱ्याच्या किमतीबद्दलचं बोलणं, चाचांच्या विनंतीवरून; शेजारच्या दुकानातल्या दोघांचं बोलणं, त्यांनी संमती दिली नाही म्हणून; रस्त्यावरचे हॉर्न आणि पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं; जवारीच्या मधला वेळ. क्रम कुठे बदलला तेही आहे: पुतण्याचं काम नंतर चित्रित झालं, व्हिडिओत आधी दिसतं. किमतीचं आणि शेजारच्यांचं बोलणं सोडून बाकीच्या न कापलेल्या फाइली महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत, कोणालाही तिथे बसून ऐकता येतील. या पानाला गुण नव्हते, कारण मूल्यमापनाच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता. पुढच्या वर्षापासून तो असावा, आणि प्रकल्पाच्या गुणांपैकी निदान पाचवा हिस्सा त्याला द्यावा, असं आम्ही विभागाला लिहून दिलं आहे.